चहाचे वय वेष्टनावर नव्हे, पेल्यात वाचावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिनी उलाँग आणि वर्षानुवर्षे साठवून जुना केलेला पुअर या दोन चहांविषयी मराठीत आता बऱ्यापैकी छापून येऊ लागले आहे, याचा मनापासून आनंद आहे. पण या लेखांतून दोन विधाने वारंवार येतात. पहिले, 'उलाँग आणि पुअर हे दोन्ही आंबवलेले चहा'. दुसरे, 'पुअर जितका जुना तितका चांगला'. पहिले चूक आहे. दुसरे अर्धवट आहे, आणि त्याची किंमत वाचकाला रोख मोजावी लागते. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

उलाँगचे पान खुडल्यावर कोमेजवतात आणि मग बांबूच्या रुंद सुपांत किंवा फिरत्या पिंपात थांबून थांबून हलवतात. पानाच्या कडा एकमेकींवर आपटून ठेचकाळतात, तिथला रस हवेशी भिडतो आणि पानातलीच विकरे (एन्झाइम) आपले काम सुरू करतात. कापलेले सफरचंद तांबूस पडते तीच ही क्रिया. हवा तेवढा बदल झाला की पान तापलेल्या कढईत टाकून विकरे थांबवतात. यात बुरशी नाही, जिवाणू नाहीत. पुअरमध्ये मात्र खरेच सूक्ष्मजीव कामाला लागतात. चिनी भाषेत दोन्हींसाठी 'फाजियाओ' हा एकच शब्द चालतो, घोळ तिथून आला. मराठीत 'आंबवणे' म्हटले की सूक्ष्मजीव आलेच. तेव्हा उलाँगला तो शब्द लावू नये. हा नुसता शब्दांचा कीस नाही. उलाँग चाखताना आपण कारागिराच्या दोन-तीन दिवसांच्या हातकामाची आणि पुढच्या भाजणीची परीक्षा घेत असतो. जुन्या पुअरमध्ये मूळ पान आणि त्यानंतरची सगळी साठवण तपासायची असते. प्रश्न वेगळे, म्हणून मोजमापही वेगळे.

चीनचे चहापरीक्षणाचे राष्ट्रीय मानक, जीबी/टी २३७७६, २०१८ सालचे आहे. उलाँगसाठी त्यात ५ ग्रॅम पान आणि ११० मिलिलीटरचा पांढरा झाकणपेला सांगितला आहे. उकळते पाणी काठोकाठ ओतायचे, वर आलेला फेस झाकणाने निपटायचा आणि झाकण ठेवायचे. एका मिनिटाने झाकण उचलून वास घ्यायचा, दोन मिनिटांनी अर्क ओतून काढायचा. दुसरे पाणी तीन मिनिटे, तिसरे पाच मिनिटे. गुणांत कोरड्या पानाच्या रूपाला २० टक्के, अर्काच्या रंगाला अवघे ५, वासाला ३०, चवीला ३५ आणि भिजलेल्या पानाला १०. रंगाला पाचच टक्के का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भाजणीचा हात जरा जड पडला की रंग हवा तेवढा गडद करता येतो, त्यामुळे त्याची साक्ष कच्ची.

११० मिलिलीटरला ५ ग्रॅम हे प्रमाण पिण्याच्या हिशेबाने कडक वाटेल, आणि तसेच ते हवे आहे. पातळ काढलेल्या चहात दोष लपतात. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १०० मिलिलीटरला २ ग्रॅम आणि सहा मिनिटे असा हिशेब आहे. एकाच जातीचे बरेच नमुने शेजारी ठेवून तोलायचे असतील तर एकाच पाण्याची अशी पद्धत सोयीची पडते. पण घट्ट गोळी वळलेले ते-ग्वान-यिन किंवा तैवानचे डोंगराळ उलाँग पहिल्या पाण्यात जेमतेम उलगडते. त्याचा खरा स्वभाव दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात कळतो.

वास पेल्यात नाक घालून घेऊ नये, वाफेने नाक बधिर होते. झाकण किंचित तिरपे उचलावे, आतली बाजू नाकाजवळ आणावी, दोन-तीन सेकंद हुंगावे आणि लगेच बाजूला करावे. एकाच पानाचा वास तीनदा घ्यायचा. गरम असताना दोष कळतात: धूर, करपट, कुबट, आंबूस. कोमट झाल्यावर वासाची जात आणि खोली कळते. पार थंड झाल्यावर टिकाऊपणा. फुलांचा घमघमाट करणारे कित्येक स्वस्त नमुने थंड पेल्यात अगदी मुके होतात. चव घेताना अर्क साधारण ५० अंश सेल्सियसला असावा, चमचाभर घ्यावा आणि हवेसकट जोराने ओढून सगळ्या जिभेवर फिरवावा. आवाज होतो, होऊ द्यावा.

आपल्या भाषेत 'तुरट' ही स्वतंत्र चव आहे, याचा इथे फार उपयोग होतो. कडू ही चव, तुरट हा खरे तर स्पर्श. लाळेतली प्रथिने चहातल्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि जीभ खरखरीत होते. चांगल्या दान्-त्सोंग उलाँगला किंवा तरुण कच्च्या, म्हणजे न पिकवलेल्या, पुअरला कडूपणा असतोच. तो काही सेकंदांत विरघळून मागून गोडवा येतो का आणि तोंडाला पाणी सुटते का, एवढेच पाहायचे. कडू जिभेवर तसेच बसून राहिले, किंवा तुरटपणाने घसा आवळून कोरडा पडला, तर तो दोष. आणि 'कडक आहे म्हणून कडू' ही सबब पाच ग्रॅमच्या परीक्षेत चालत नाही, कारण सगळ्याच नमुन्यांना तीच मात्रा दिलेली असते.

उलाँगमधला सर्वांत जास्त आढळणारा दोष हिरवटपणाचा. पानाच्या देठातले पाणी हलवण्याच्या आणि थांबण्याच्या फेऱ्यांत पात्याकडे सरकून बाहेर पडायला हवे. घाईत फेऱ्या कमी केल्या, किंवा पहिल्याच फेरीत इतके जोराने हलवले की पानाच्या शिरा तुटल्या, तर ते पाणी आतच अडकते. भिजलेले पान पसरून पाहिले की कळते: देठाजवळ काळपट हिरवे डाग, कडेला तांबूस रेघ नाही किंवा असली तर धड सलग नाही. चवीला कच्च्या गवताचा वास आणि जिभेच्या कडांना झोंबणारा तुरटपणा. उलट कढईला उशीर झाला तर पान मधोमध तांबारते, वास मंद होतो आणि अर्काला काळ्या चहाची झाक येते. नीट केलेल्या पानात मध्य हिरवा, कडा तांबूस. 'तीन भाग लाल, सात भाग हिरवे' हे फूजियान प्रांतातल्या वुयी डोंगराकडचे जुने माप सगळ्या उलाँगना लागू नाही. आजचे फिके ते-ग्वान-यिन त्याच्या कितीतरी अलीकडे थांबते, तर तैवानचे तुडतुड्यांनी चावलेल्या पानांचे 'पूर्वेचे सौंदर्य' बरेच पलीकडे जाते.

भाजणीबद्दल मराठीत तीन नेमके शब्द तयार आहेत: खमंग, खरपूस, करपट. परीक्षकाने ते जपून वापरावेत. वुयीचे रौ-ग्वी किंवा शुई-शियान हे उलाँग कोळशाच्या मंद धगीवर तासन्‌तास, मधे विश्रांती देऊन भाजतात. धग मोठी आणि वेळ कमी असेल तर पान बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते. असा चहा सुरुवातीला खरपूस लागतो आणि काही महिन्यांत पुन्हा हिरवट होतो. करपलेले पान भिजल्यावरही उलगडत नाही, काळे आणि ताठ राहते, बोटांत दाबले की कोळशासारखे तुटते. जड भाजणीखाली शिळे किंवा हलके पान लपवण्याची युक्ती जुनी आहे. ती तिसऱ्या पाण्यात उघडी पडते. तोवर भाजणीचा थर धुऊन गेलेला असतो आणि पानाला स्वतः बोलावे लागते. तिथे राख आणि गरम पाण्याशिवाय काही हाती लागले नाही, तर भाजणीच विकत घेतली असे समजावे. एक सावधगिरी मात्र हवी. ताज्या भाजलेल्या चहात धगीचा वास असतोच, तो उतरायला काही आठवडे, कधी महिने जातात. नुकत्याच भाजलेल्या नमुन्याला लगेच नापास करणे अन्यायाचे आहे.

'दुधाच्या वासाचा उलाँग' हाही याच ओघात. तैवानमध्ये १९८१ साली आलेल्या जिन-शुआन जातीच्या पानाला खरोखर मऊ, लोण्यासारखी हलकी झाक असते. पण पुडी उघडताच वास अंगावर येत असेल, पहिल्या पाण्यात तो चढा असेल, तिसऱ्यात गायब असेल आणि भिजलेले पान हुंगल्यावर काहीच येत नसेल, तर तो वरून लावलेला सुगंध. आणि दा हाँग पाओ या नामांकित उलाँगच्या वुयीमधल्या सहा मूळ झुडपांचे पान २००६ पासून खुडलेच जात नाही. बाजारातला दा हाँग पाओ कलमांचा किंवा मिश्रणाचा असतो. तो उत्तम असू शकतो, पण 'मूळ झाडाचा' या शब्दांसाठी एक युआनही जास्त देऊ नये.

जुन्या उलाँगमध्ये आंबटपणा सर्वांत फसवा. उलाँगमध्ये ७ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. डब्याचे झाकण सैल राहिले की पान हवेतला दमटपणा ओढते आणि आंबूस होते. सुकवलेल्या फळासारखी मऊ, क्षणात निवळणारी आंबट झाक जुन्या चांगल्या उलाँगला शोभते. जिभेखाली टोचत राहणारी आंबट चव म्हणजे बिघाड. तो झाकायला पुन्हा भाजतात. आंबूसपणा काहीसा जातो, पण प्रत्येक भाजणीबरोबर वर्षांनी कमावलेला वासही थोडा थोडा उडून जातो. दर दोन वर्षांनी भाजलेच पाहिजे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. नीट कोरडे करून घट्ट बंद केलेल्या डब्याला हात न लावणे चांगले.

आता पुअर. चीनच्या मानकानुसार युन्नान प्रांतातल्या ठरवून दिलेल्या भागात वाढलेल्या मोठ्या पानाच्या जातीचा, उन्हात वाळवलेला चहाच पुअर म्हणवून घेऊ शकतो. त्यात दोन प्रकार. शेंग म्हणजे कच्चा, जो वर्षानुवर्षे आपल्या गतीने बदलतो. शू म्हणजे पिकवलेला. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवलेल्या 'वो-दुई' पद्धतीने पाणी मारून ढीग लावून दीड-दोन महिन्यांत तो तयार होतो. शू हा नकली जुना चहा नव्हे, तो वेगळाच चहा आहे. फसवणूक होते ती शू मिसळून किंवा दमट कोठीत घाईने काळा करून 'तीस वर्षांचा शेंग' विकला जातो तेव्हा.

पुअर बहुधा वाफेवर दाबून चकतीच्या आकारात, कागदात गुंडाळून विकतात. त्या वेष्टनावरचे आकडे वाचकाला हमखास चकवतात. '७५४२' पाहून १९७५ चा चहा समजणारे पुष्कळ आहेत. पहिले दोन अंक मिश्रणाची कृती कोणत्या साली ठरली ते सांगतात, तिसरा पानाची प्रत, चौथा कारखाना: १ कुनमिंग, २ मंगहाय, ३ शियाग्वान. ७५४२ काल दाबलेलाही असू शकतो. जुन्या चकत्यांच्या वेष्टनावर उत्पादनाची तारीख सहसा नसतेच, आणि कागद बदलायला पाच मिनिटे पुरतात. चकतीत दाबलेली आतली चिठ्ठीसुद्धा बनावट निघते. कागद पाहून झाला की बाजूला ठेवावा आणि दाभण हातात घ्यावे.

नमुना कसा काढतात यावर निम्मा निकाल ठरतो. ३५७ ग्रॅमच्या चकतीचा वरचा थर बहुतेकदा सजावटीचा असतो, देखणी कोवळी पाने वर आणि जाडीभरडी आत. म्हणून तीन जागांचे पान घ्यावे: पृष्ठभाग, कड, आणि मागच्या खळग्याभोवतीचा गाभा. दाभण वरून भोसकायचे नाही. कडेने, थरांना समांतर सरकवायचे आणि हलकेच उचलायचे. पान मोडले की कडूपणा एकदम उतरतो, अर्क गढूळ होतो आणि दोष चहाच्या माथी बसतो. गाभ्याचे पान मुद्दाम वेगळे हुंगावे. वाफेवर दाबल्यानंतर सर्वांत उशिरा तोच वाळतो, आणि बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या चकतीची बुरशी तिथेच सापडते. सुटे केलेले पान एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच चाखावे.

दाबलेल्या चहासाठी मानकात १ ग्रॅमला ५० मिलिलीटर पाणी. पहिले पाणी दोन ते पाच मिनिटे, दुसरे पाच ते आठ मिनिटे, आणि निर्णय मुख्यतः दुसऱ्यावर. पिताना पहिले झटपट पाणी फेकून देतात ते ठीक. परीक्षेत ते फेकू नये, हुंगावे. कोठीचे सगळे उपद्व्याप तिथेच उमटतात. मातकट आणि कुबट यांत मात्र गल्लत करू नये. शूच्या ढिगाचा मातकट वास चहा उघडा राहिला की उतरतो, दोन-तीन पाण्यांत विरळ होतो, आणि वर्षा-दोन वर्षांत बराचसा जातो. कुबट वास घशाच्या मागे चिकटतो आणि थंड रिकाम्या पेल्यातही राहतो. हाँगकाँगच्या जुन्या दमट कोठ्यांतला चहा सरसकट वाईट नव्हे. नंतर कोरड्या हवेत वर्षानुवर्षे ठेवून कोठीचा वास काढला असेल, तर त्यातून कापराची आणि जुन्या लाकडाची फार सुंदर झाक निघते. तो वास काढण्याइतका धीर सगळ्यांना नसतो, गडबड तिथे होते.

खरी कबुली भिजलेले पान देते. सगळी पाने पांढऱ्या ताटलीत थंड पाण्यावर तरंगत सोडावीत. सावकाश जुना झालेला शेंग तपकिरी, लवचीक असतो. पान ताणले तर थोडे ताणते, सोडले तर परतते. दमट कोठीतले पान काळपट, निस्तेज, आणि एकाच चकतीत तऱ्हेतऱ्हेच्या रंगांचे. शूचे पान गडद तांबूस काळे. ढिगाचा गाभा फार तापला असेल तर त्यात जळलेली, न उलगडणारी ताठ पाने दिसतात. बोटांत चोळल्यावर चिखल झाला तर ढीग कुजला होता. विक्रेता तीस वर्षांचा शेंग म्हणतो आणि ताटलीत अर्धी पाने काळी ताठ, अर्धी तपकिरी मऊ, तर मिश्रणाचा संशय घ्यायला एवढा पुरावा पुरे. रंगावर भिस्त ठेवू नये. कच्च्या पुअरचा अर्क पिवळ्याकडून नारिंगी, मग लालसर तपकिरी होत जातो खरा, पण दमटपणाने तो रंग फार लवकर आणता येतो. अर्काची पारदर्शक चमक मात्र इतक्या सहज आणता येत नाही.

आता 'जितका जुना तितका चांगला'. चुकीच्या हातांत वीस वर्षे म्हणजे वीस वर्षांचे नुकसान. साधारण २० ते ३० अंश तापमान आणि सत्तर टक्क्यांच्या आत आर्द्रता, अंधार, वासरहित जागा, हवेची थोडी ये-जा, एवढे लागते. फार कोरड्या जागी दहा वर्षे ठेवलेला चहा तीन वर्षांच्या चहासारखाच राहतो, फक्त थकलेला. शिवाय मूळ पान. कढईत फार तापवलेला किंवा भट्टीत वाळवलेला शेंग पहिल्या वर्षी हिरव्या चहासारखा मोहक वास देतो, पण पुढच्या बदलासाठी लागणारे बळ त्यात उरलेले नसते. शूबाबत आमचे मत आणखी ठाम आहे: ढिगाचा वास गेल्यावर त्यात होणारे बदल इतके संथ की 'तीस वर्षांचा शू' म्हणून मागितलेल्या किमतीला पेल्यात आधार सापडत नाही. २००७ च्या वसंतात पुअरचे भाव गगनाला भिडले आणि काही महिन्यांत कोसळले. त्या दिवसांत चकत्या हातोहात फिरत होत्या, उघडून चाखल्या जात नव्हत्या.

बुरशीविषयी स्पष्ट सांगायला हवे, कारण इथे तब्येतीचा प्रश्न आहे. हूनानच्या आन्हुआमधल्या फू विटेत, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या चहात, आत सोनेरी पिवळे बारीक दाणे दिसतात, ती मुद्दाम वाढवलेली उपकारक बुरशी असते. दाणे आतपर्यंत सारखे पसरलेले असणे ही चांगली खूण. त्याखेरीज पांढरा कापूस, हिरवा किंवा काळा थर कुठल्याही चहावर दिसला तर तो चहा टाकून द्यावा. उकळत्या पाण्याने बुरशीचे विष नष्ट होत नाही आणि पहिले पाणी फेकल्याने ते निघून जात नाही.

ज्याला स्वतःची जीभ तपासायची आहे त्याने तीन सारखे पांढरे पेले घ्यावेत, तळाला खुणा कराव्यात, दोनांत एक चहा आणि तिसऱ्यात दुसरा काढावा, जागा कुणाला तरी बदलायला सांगाव्यात आणि वेगळा पेला ओळखावा. असे पाच-सहा वेळा करावे. महाग आणि स्वस्त नमुन्यांत वेगळा पेला हाती लागत नसेल, तर त्या फरकाचे पैसे वाचले. पाणी कमी क्षारांचे घ्यावे. जड पाण्यात वास दबतो आणि अर्कावर तवंग येतो. साबणाचा वास असलेल्या हाताने झाकण धरले तर पुढचे सगळे व्यर्थ.

संपादक महाशय, आपल्याकडे विनंती एकच आहे. यापुढे चहाच्या चवीवरचा मजकूर छापताना पानाचे ग्रॅम, पाण्याचे मिलिलीटर, किती मिनिटे आणि कितवे पाणी हे चार आकडे लेखकाकडून जरूर मागून घ्यावेत. चहा जुना असेल तर तो कुठे आणि कसा ठेवलेला होता, हेही. म्हणजे वाचकाला तोच चहा तसाच काढून पाहता येईल आणि लेखकाचे पटले नाही तर नेमके कुठे पटले नाही, ते आपल्याच स्तंभात लिहून कळवता येईल.

आपले विश्वासू,
दोन चहापरीक्षक